प्रत्येकी एक ज्येष्ठ

मसुदा लिहावा तर मीच, असं आमचे साहेब म्हणतात. मी म्हणत नाही. ते म्हणाले की मी फक्त मान खाली घालतो, आणि ज्यांनी ऐकलं नसेल त्यांना नंतर सांगतो. पाण्याचे मीटर बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात मी गेली बावीस वर्षं मुख्य कारकून आहे. गेटवरच्या ‘येथे वाहने लावू नयेत’पासून संचालकांच्या सासऱ्यांच्या शोकसंदेशापर्यंत सगळं माझ्या हातून गेलेलं आहे. त्या शोकसंदेशाबद्दल तर आभाराचं पत्र आलं होतं. असो. माझ्या सख्ख्या आईचं नाव माझ्याच मसुद्यामुळे विम्याबाहेर राहिलं, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कोणी कुजबुजायला नको.

आमच्या कारखान्याची स्वतःची आरोग्य विमा योजना आहे. दरमहा प्रत्येकाच्या पगारातून हप्ता कापतात आणि कोणी आजारी पडलं की त्यातून दवाखान्याचं बिल भरतात. बरीच वर्षं हे सुरळीत चाललं. मग एकेकाचे आईवडील म्हातारे झाले, दवाखान्यांत गार हवेची यंत्रं आणि काचेची दारं आली, आणि योजनेत खडखडाट झाला. तेव्हा साहेबांनी ‘योजनेत सुधारणा’ या विषयावर तिसऱ्या मजल्यावरच्या कँटीनमध्ये सभा बोलावली.

सुधारणा म्हटली की दोन पक्ष आलेच. पहिल्या पक्षाचे पुढारी आमचे स्टोअरकीपर. त्यांना सगळे गोतावळा म्हणतात, कारण योजनेच्या यादीत त्यांच्यापुढे बायको, तीन मुलं, आई, वडील, एक काका आणि एक आत्या आहे. आत्या नक्की कोणाची, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. दुसऱ्या पक्षाचे पुढारी ड्रॉइंग सेक्शनचे ड्राफ्ट्समन. लग्न नाही, आईवडील फार पूर्वी गेले, भावंडं नाहीत, म्हणून त्यांचं नाव सडाफटिंग. पन्नाशी उलटली तरी या गृहस्थाने आजारपणाची एक रजा घेतलेली नाही. शिंकही बहुधा रविवारी घरीच उरकत असावेत.

“सगळ्यांना घ्या,” गोतावळा म्हणाले. “हप्ता वाढला तर वाढला. आजारपण काय सांगून येतं?”

“तुमच्याकडे तर अगदी सांगून येतं,” सडाफटिंग म्हणाले. “गेल्या वर्षी आत्याचा डावा डोळा झाला, यंदा उजवा आहे. मी आजवर योजनेतून डोकेदुखीची गोळीही घेतली नाही. माझ्या पगारातून तुमच्या आत्याने का बघायचं?”

“आज धडधाकट आहात. उद्या पडलात म्हणजे?”

“पडलो तर उठेन.”

असं दोन तास चाललं. चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. शेवटी साहेबांनी नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाहिलं, आणि मी खिशातून पेन काढलं. तोडगा मला तिथल्या तिथे सुचला. जोडीदार आणि मुलं सगळ्यांचीच राहतील, पण वरची म्हातारी माणसं मात्र ‘प्रत्येक कर्मचाऱ्यामागे एक ज्येष्ठ’. हप्ता सगळ्यांना सारखा. शिवाय माणसं दर महिन्याला कोण जास्त कण्हतंय ते बघून नावं बदलतील, म्हणून एकदा दिलेलं नाव तीन वर्षं बदलता येणार नाही.

“मला ज्येष्ठच नाही,” सडाफटिंग उठले. “मग ज्येष्ठाचा हप्ता मी का भरू?”

“नियम म्हणजे नियम,” मी म्हणालो. “उद्या तुम्हाला एखादा ज्येष्ठ झाला म्हणजे?”

सगळं कँटीन हसलं. त्या हशाने मला जरा चेव आला आणि मी छोटंसं भाषण केलं. ‘माणसाने एकदा निर्णय घेतला की त्याने त्यावर ठाम राहावं, घरची रडगाणी सभेत आणू नयेत,’ हे त्यातलं वाक्य मला त्या वेळी फारच आवडलं होतं. ठराव मंजूर झाला. अर्जाचा नमुनाही मीच तयार केला. त्यात ज्येष्ठाचं नाव, वय, वयाचा पुरावा, दुखणं, आणि खाली सही. एका पानात सगळं बसवलं. साहेब म्हणाले, “सुटसुटीत!”

मी तरंगतच घरी आलो. घरी दोन ज्येष्ठ होते.

एक माझी आई आणि एक सासूबाई. हिच्या भावाची बदली झाल्यापासून सासूबाई आमच्याकडेच असतात. आईचा डावा गुडघा कामातून गेलेला आणि सासूबाईंचा उजवा. दोघींचे मिळून दोन गुडघे चांगले होते, आणि हा योग जुळवल्याबद्दल मी नशिबाचे आभारच मानत आलो होतो, कारण जिना चढायचा झाला की दोघी एकमेकींच्या दंडाला धरून चार पायांपैकी दोन चांगल्या पायांवर वर यायच्या. डॉक्टरांनी दोघींनाही ऑपरेशन सांगितलेलं. पुढे तेही जमेना, आई तर चार महिन्यांत खाली उतरली नव्हती. समोरच्या बागेतल्या बाकावर तिच्या बरोबरीच्या बायका रोज संध्याकाळी बसतात. ती खिडकीत उभी राहून त्यांचे हातवारे बघून काय गप्पा चालल्या असतील त्याचा अंदाज बांधत असे. योजनेत सुधारणा झाली की ऑपरेशन करू, असं मीच तिला म्हटलं होतं.

“झाली का सुधारणा?” आईने दारातच विचारलं.

“झाली,” मी म्हणालो. आणि सांगितलं.

ज्यांनी कुठल्याही घरात कधीही कोणाचा पाहुणचार केला असेल, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. पण मला ते कोणीतरी त्याच वेळी सांगायला हवं होतं.

“माझं कशाला नाव?” आई म्हणाली. “मी पिकलं पान. विहीणबाईंचं घाल.”

“छे छे, भलतंच काय!” सासूबाई म्हणाल्या. “जावईबापू, त्यांचंच घाला. त्या तुमच्या आई आहेत.”

“नाही हो. तुमचंच बरं. तुमचा गुडघा जास्त ठणकतो.”

यावर सासूबाई गप्प बसल्या. मी हिशेब केला. आईचा नकार दोन वेळा, सासूबाईंचा एक वेळा. दोन विरुद्ध एक. शिवाय सासूबाईंचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारखेवार. आईची तीन ठिकाणी तीन वयं. एका कागदावर ती अडुसष्ट, दुसऱ्यावर चौऱ्याहत्तर, आणि तिसऱ्यावर इतकी लहान की ती जेमतेम अकरा वर्षांची असताना माझा जन्म झाला असणार. अर्ज घेणं उद्यापासून सुरू, आणि पहिला अर्ज नमुना करणाऱ्याचाच असावा, असं मला वाटलं. मी सुवाच्य अक्षरात सासूबाईंचं नाव लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देऊन टाकलं.

संध्याकाळी हे ऐकताच हिच्या हातातला चमचाच खाली पडला.

“अहो, आईंना तिसऱ्यांदा विचारलंत का?”

“तिसऱ्यांदा कशाला? दोनदा नाही म्हणाली की ती!”

“दोनदा नाही म्हणायचंच असतं! तिसऱ्यांदा हो म्हणायचं असतं. कर्म माझं! आता माझ्या आईने या घरात तोंड कसं दाखवायचं?”

मी आईकडे गेलो. ती खिडकीत उभी होती.

“आई, तूच म्हणालीस ना, नको म्हणून?”

“हो, म्हणाले ना,” आई म्हणाली. “आपण अगदी योग्य तेच केलंत. चहा घेणार का आपण?”

आपण! माझ्या शेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात आईने मला मेल्या, गाढवा, ठोंब्या असं सगळं म्हटलंय. आपण कधी म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून आई माझ्याशी एखाद्या लांबच्या पाहुण्याशी बोलावं तशी बोलू लागली. ‘आपला टॉवेल वाळला आहे.’ ‘आपण दमून आला असाल.’ आणि सासूबाईंनी अपराधी वाटून गुडघ्याला पट्टा बांधणंच सोडलं. त्या लंगडायच्या आणि ‘मला काही झालेलं नाही’ म्हणायच्या. आई म्हणायची, ‘असं कसं, विहीणबाई? तुमचा विमा आहे.’

दोन दिवसांत ही गोष्ट जिन्याजिन्याने सगळ्या इमारतीत पोचली. ज्यांना स्वतःचा अर्ज भरता येत नाही ते मला सल्ले द्यायला लागले. तळमजल्यावरचे रिटायर्ड पोस्टमास्तर म्हणाले, “चिठ्ठ्या टाकायच्या होत्यात. देवाच्या नावावर गेलं असतं.” समोरचे वकील म्हणाले, “आईचं नाव घातलंत तर बायको, सासूचं घातलंत तर आई. कायद्याप्रमाणे अशा वेळी बाहेरगावी जायचं असतं.” हे सांगून त्यांनी माझ्याकडून पेपर वाचायला नेला, तो अजून दिलेला नाही. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने तर भर दुकानात विचारलं, “तुम्हीच का ते, आईला वगळून सासूला घेतलेले?” मी आलो होतो खोकल्याच्या गोळ्या घ्यायला. न घेताच परतलो.

शेवटी मी विम्याच्या टेबलावरच्या बाईंकडे नाव बदलण्याचा अर्ज केला. बाईंनी शांतपणे नियमांचा कागद माझ्याकडे फिरवला. ‘एकदा दिलेले नाव तीन वर्षे बदलता येणार नाही.’ वाक्यरचना निर्दोष होती.

“यातून पळवाट नाही का?” मी विचारलं.

“तुम्हीच लिहिलंय. पळवाट असेल कशी?” बाई म्हणाल्या. त्या क्षणीही मला थोडं बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

एकच मार्ग होता. वीस सह्या गोळा करून खास सभा बोलवायची आणि ‘एक’चे ‘दोन’ करून घ्यायचे. ज्या मशीनवाल्यांना मी बावीस वर्षं रजेचे अर्ज नीट लिहीत नाही म्हणून झापलं, त्यांच्या टेबलाशी जाऊन मी सह्या मागितल्या. एकाने माझा अर्ज परत केला आणि म्हणाला, “समास सोडलेला नाही.” गोतावळ्यांनी मात्र दोनदा सही केली. एक स्वतःची, एक आत्याच्या वतीने.

सभेच्या दिवशी कँटीन गच्च भरलं होतं. मी उठून सांगितलं की माणुसकीच्या दृष्टीने दोन ज्येष्ठ घ्यावेत. सडाफटिंग उठले. त्यांनी वहीतून एक कागद काढला आणि माझंच भाषण वाचून दाखवलं. “माणसाने एकदा निर्णय घेतला की त्याने त्यावर ठाम राहावं, घरची रडगाणी सभेत आणू नयेत.” कागद त्यांनी नीट घडी करून ठेवला. “हे मला त्या दिवशी पटलं होतं. आणि दोन ज्येष्ठ केलेत तर मला दोन नसलेल्या ज्येष्ठांचा हप्ता पडेल. आधीच एक नसलेला सांभाळतोय.”

हशा पिकला. या वेळी माझ्यावर. खरं सांगायचं तर त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं. मतं मोजायची वेळ आली. साहेब म्हणाले, “बाजूने हात वर करा.” आणि तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला.

“हात सोडू नका. माझा उजवा टेकतोय, तुम्ही डावा उचला.”

“डावा कोणाचा? माझा की तुमचा?”

आमच्या कारखान्यात लिफ्ट आहे, पण ती मीटरच्या खोक्यांसाठी. माणसांनी जिन्याने यावं, ही पाटीसुद्धा मीच लिहिलेली. कँटीनमधले साठ-सत्तर लोक एकेक पायरी ऐकत होते. मध्येच थांबून दोघी भांडल्या, धापा टाकल्या, पुन्हा निघाल्या. मी उठून गर्दीतून दाराकडे वाट काढायला लागलो. चार महिने जिना न उतरलेली माझी आई तीन मजले चढून दारात उभी राहिली, सासूबाईंच्या दंडाला धरून. मागे ही होती, दोघींच्या पिशव्या घेऊन.

“साहेब कोण?” सासूबाईंनी विचारलं. “माझं नाव खोडा. मी हे मनापासून सांगतेय, वरवरचं नाही.”

“खोडू नका,” आई म्हणाली. “तेव्हा मी वरवरचं म्हटलं होतं, पण आता मनापासून म्हणतेय. यांना जिना चढताना बघितलंत ना? ऑपरेशन यांचंच करा.”

“आणि तुम्ही खिडकीतच उभ्या राहणार का जन्मभर?”

“माझी मी बघेन!”

“बघाल काय, डोंबल!”

साहेब माझ्याकडे बघत होते, मी जमिनीकडे. नियम नियमच होता. तेवढ्यात सडाफटिंगांनी दोन खुर्च्या पुढे ओढल्या, दोघींना बसवलं, पाण्याचे ग्लास दिले. मग टेबलावरचा माझा अर्जाचा नमुना उचलला आणि नकाशा तपासावा तसा डोळ्यांजवळ धरला.

“यात नात्याचा रकाना कुठे आहे?”

“कसला रकाना?” साहेबांनी विचारलं.

“ज्येष्ठाचं नाव आहे, वय आहे, दुखणं आहे. तो ज्येष्ठ कर्मचाऱ्याचा कोण लागतो, हे कुठेच विचारलेलं नाही. नियमातही नाही.”

मी कागद ओढून घेतला. वर पाहिलं, खाली पाहिलं, उलटा करून पाहिला. नव्हता. एका पानात बसवण्याच्या नादात नातंच राहून गेलं होतं. बावीस वर्षांतली माझी पहिली चूक साठ-सत्तर साक्षीदारांसमोर उघडी पडली. गोतावळ्यांचा चेहरा तर असा उजळला की बहुतेक आत्याची सोय त्यांना तिथल्या तिथे दिसली असावी.

“माझा ज्येष्ठ रिकामा पडलाय,” सडाफटिंग म्हणाले. “हप्ता तर कापतातच. फुकट का घालवू?” मग ते आईपुढे जरा वाकले. “काकू, तुमचं नाव माझ्याकडे घालू?”

“छे हो, तुमच्यावर कशाला भार?” आई म्हणाली.

“भार नाही. पैसे जातातच. घालू का?”

“नको, नको. तुम्हाला उगाच त्रास.”

दोनदा नाही म्हणाली. आता हा माणूस मागे वळणार, आणि गेलं. पण ज्याच्या घरात नकार द्यायलाही कोणी नाही, त्या माणसाने खुर्ची ओढली, आईसमोर बसला, पेनाचं टोपण काढलं आणि तिसऱ्यांदा म्हणाला, “काकू, पूर्ण नाव सांगा.”

आईने सांगितलं. मला त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्याच्या नसलेल्या ज्येष्ठावरून मी भर सभेत सगळ्यांना हसवलं, त्याला ते कळत होतं, आणि मला नाही.

दोघींची ऑपरेशनं एकाच आठवड्यात झाली. एकाच खोलीत हव्यात, असा दोघींनी हट्ट धरला. मध्ये फक्त एक पडदा. दवाखान्याचा नियम असा की पेशंटजवळ बसायचा पास ज्याच्या विम्यातून पेशंट आलाय त्यालाच. त्यामुळे सासूबाईंच्या स्टुलावर मी, आणि आईच्या स्टुलावर सडाफटिंग. आजारपणाची आयुष्यातली पहिली रजा टाकून ते आले होते आणि आईला तिच्या नव्या गुडघ्याचं चित्र काढून कुठला भाग कशावर फिरतो ते समजावून सांगत होते. आई अगदी कान देऊन ऐकत होती. माझ्या मीटरबद्दल तिने कधी एवढं ऐकलं नाही.

दुपारी आईची चादर घसरलेली दिसली म्हणून मी पडदा सारून पलीकडे गेलो, तर नर्सबाईंनी हटकलं.

“अहो, तुमचा पेशंट तिकडे. इकडे काय करताय?”

“ही माझी आई आहे,” मी म्हणालो.

नर्सबाईंनी रजिस्टर उघडलं. “यांच्यापुढे यांचं नाव आहे.” त्यांनी सडाफटिंगांकडे बोट दाखवलं. मग आईला विचारलं, “आजी, हे तुमचे कोण?”

आईने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. घाई केली नाही.

“हे होय?” ती म्हणाली. “हे आमच्या विहीणबाईंचे जावई.”

पडद्यापलीकडून सासूबाई खो खो हसल्या आणि टाके दुखले म्हणून ओरडल्या. सडाफटिंगांनी चित्रात तोंड खुपसलं. मी चादर सारखी केली, दुसरं काय करणार? तेवढ्यात चहा आला. आईने स्वतःच्या कपातला अर्धा बशीत ओतला.

“घेणार का आपण?”

“नको,” मी म्हणालो. सवयीने.

“अर्धाच आहे.”

“नको, खरंच नको.”

मी तिथेच उभा राहिलो. पडदा हातात. आईने बशी माझ्यापुढे धरली.

“घे रे मेल्या, गार होतोय.”

मी घेतला.